डावीकडून दुसरी कमान

अन्याय झाला तो चुन्याचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या उस्तादांवर. कधी झाला तेही सांगते. होळीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, लखनौमधल्या एका जुन्या मशिदीच्या अंगणात, चारचौघांसमोर. त्यांना कामावरून काढलं. त्यांनी चार महिने भिजवून ठेवलेल्या चुन्याच्या खड्ड्यात राडारोडा ओतला. आणि ज्या कागदाच्या जोरावर हे सगळं झालं, तो कागद मी लिहिला होता.

हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचताना तुम्ही मला बाजूला काढाल आणि बाकीच्यांना शिव्या घालाल. तशी सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

आम्ही मूळचे अकोल्याकडचे. बाबांची नोकरी रेल्वेच्या संशोधन संस्थेत, म्हणून माझा जन्म मानक नगरच्या क्वार्टरमधला. घरात वऱ्हाडी, दाराबाहेर हिंदी, भांडताना दोन्ही. माझा धाकटा भाऊ मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला हिंदीत उत्तर देतो आणि आई त्याला दरवेळी विचारते, "तुले मी मराठीत जन्म देल्ला ना?" आमच्याकडे पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. विहारात वाटलेली, जयंतीला वाटलेली, गावाहून कोणीतरी पिशवीत घालून आणलेली. मी मराठी वाचायला शिकले ती पत्रकांवर. 'निषेध' हा शब्द मला 'निसर्ग'च्या आधी लिहिता यायचा.

पुढे कॉलेजात असताना एका जुन्या कार्यकर्त्या बाईंनी मला पत्रक लिहायला शिकवलं. त्यांचे नियम ठरलेले. पहिल्या ओळीत अन्याय कोणावर झाला ते नाव घेऊन सांगायचं. दुसऱ्या ओळीत कधी झाला. विशेषणं कमी. मागण्या तीनच, चौथी कोणी वाचत नाही. आणि शेवटी मुदत. "मागणीला मुदत नसली की तिला विनंती म्हणतात," त्या म्हणायच्या, "आणि विनंत्या टोपलीत जातात." मी ते पाठ केलं. सात दिवस, पंधरा दिवस, एकवीस दिवस, अन्यथा. किती दिवस घालायचे याचा विचार मी कधी केला नाही. हात आपोआप लिहायचा.

डिग्री झाल्यावर मी जुन्या कारागिरांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या गटात शिरले. गट म्हणजे आम्ही पाचजण आणि अमीनाबादच्या एका गल्लीतल्या छापखान्याची मागची खोली. कापडाच्या दुकानांमधून वाट काढत तिथे पोचायचं, गठ्ठा उचलायचा आणि रिक्षानं वाटायला निघायचं. जुनी कामं अजून हातात असलेल्या माणसांची यादी करत मी हिंडत होते. त्या यादीपायी गेल्या वर्षीच्या थंडीत मी त्या मशिदीत गेले.

ही म्हणजे गाइड दाखवतात ती मोठी जामा मशीद नव्हे. तुम्ही लखनौला आलात तर तुम्हाला ही कोणी दाखवणार नाही. पण मोहल्ल्याची जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची नमाज इथेच होते, म्हणजे मोहल्ल्यापुरती जामा मशीद हीच. नवाबी काळातली. दगड नाही, संगमरवर तर नाहीच. बोटभर जाडीच्या लखौरी विटा, त्यांच्यामध्ये चुना, वरून चुन्याचा गिलावा आणि त्या गिलाव्यातच काढलेली वेलबुट्टी. या शहराची ही जुनी हुशारी आहे. लांबून बघाल तर दगडात कोरल्यासारखं दिसतं, जवळ जाऊन नख लावाल तर चुना. वर तीन घुमट, खाली फुगीर आणि वर निमुळते, पाटावर उभ्या ठेवलेल्या नासपतीसारखे. दोन टोकांना दोन मिनार. अंगणाकडे उघडणाऱ्या पाच कमानी, प्रत्येकीची कड पाकळ्यापाकळ्यांची. मधली मोठी, तिच्या माथ्यावर समोरासमोर दोन मासे, नवाबांची खूण. आणि आख्ख्या इमारतीत एक लोखंडी तुळई नाही की लाकडी वासा नाही. सगळं वजन कमानी एकमेकींकडे सरकवतात आणि शेवटी मिनारांच्या बुडाशी नेऊन टाकतात.

हे मला उस्तादांनी समजावलं. उस्ताद बोलायचे लखनवी उर्दूत. इथे मी मराठीत उतरवलंय, जिथे उतरेना तिथे तसंच ठेवलंय.

"ये पाँच भाई हैं, बिटिया," ते म्हणाले. "खांद्याला खांदा लावून उभे आहेत. एकाचा पाय घसरला की पाचही जण जमिनीवर."

घसरलेला भाऊ डावीकडून दुसरा. छताच्या पन्हाळीत कबुतरांची घरटी आणि पिंपळाची मुळं अडकून पाणी कित्येक पावसाळे आत मुरलं होतं. जिथून कमान वळायला सुरुवात होते तिथल्या विटा मऊ झाल्या होत्या आणि तिथून माथ्यापर्यंत एक फट चढत गेली होती. माझी करंगळी तिच्यात अर्धी जायची. उस्तादांनी कमानीखाली साल लाकडाच्या जाड बल्ल्यांचा, खांबांचा टेकू दिला होता, भोवती दोरी बांधली होती आणि अंगणाच्या कोपऱ्यात चुन्याचा खड्डा केला होता.

तो खड्डा ते रोज ढवळायचे. लांब बांबूनं, सावकाश. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दही घुसळल्यासारखा आवाज येत होता आणि एक आंबूस, गोडसर वास. त्यात बेलफळाचं पाणी होतं, गूळ होता, भिजवून वाटलेले उडीद होते.

"चुन्याचं काय करताय, डोसा?" मी विचारलं.

"डोसा होता तो कल खा लेते," ते म्हणाले. "याला वैशाखापर्यंत वेळ द्यावा लागेल. कच्चा लावला तर भिंतीवर चढल्यावरही आतल्या आत फुटत राहतो. पिकलेला लावा, मग तो विटेबरोबर श्वास घेतो. ओल आत घेतो, बाहेर टाकतो. इतकी वर्षं ही इमारत कशावर उभी आहे असं वाटतं तुला? श्वासावर."

चुना पिकला की नाही ते ते बोटाच्या नखावर घासून बघायचे. लोण्यासारखा सरकला पाहिजे, एक कणही खरखरता कामा नये. मीही घासून बघितला. मला लोण्यासारखाच वाटला. ते हसले, म्हणाले, "शहरवालों का नाखून है."

अडचण एवढीच होती की दोरी बांधल्यामुळे ती एक कमान बंद होती. जुम्म्याच्या दिवशी तेवढी जागा रिकामी ठेवावी लागायची, सफ तुटायची, म्हणजे नमाजाची सरळ रांग मधेच खंडित व्हायची आणि म्हातारी माणसं बाहेर अंगणात उन्हात उभी राहायची. कुरकुर सुरू झाली. कमिटी उस्तादांना ना मदतनीस देत होती ना वर चढायला धड शिडी. पन्हाळ साफ करा असं ते महिनोन्‌महिने सांगत होते, कोणी ऐकत नव्हतं. मला संताप आला. मला संताप आला की मी छापखान्यात जाते.

पत्रक लिहिलं. हिंदीत, एका पानाचं. ऐतिहासिक मशिदीची दुर्दशा, कारागिराची उपेक्षा, नमाजींचे हाल. मागण्या तीन: पन्हाळ साफ करा, उस्तादांना माणसं आणि साहित्य द्या, कमानीची दुरुस्ती करा. शेवटी: एकवीस दिवसांत दुरुस्ती पूर्ण न झाल्यास प्रशासनाकडे लेखी तक्रार करण्यात येईल.

उस्तादांना हिंदी लिपी वाचता येत नाही. ते उर्दू वाचतात, तीही सावकाश, चष्मा कपाळावर सरकवून. वाटायच्या आधी मी त्यांना ते पत्रक अंगणातल्या हौजाच्या, वजूच्या पाण्याच्या हौदाच्या कडेला बसून वाचून दाखवलं. सगळं दाखवलं. मुदतीची ओळ सोडून. लपवायची म्हणून सोडली नाही. ती सगळ्या पत्रकांच्या खाली असते, पाकिटावरच्या गोंदासारखी, ती काय वाचायची. "नीचे वही रोज़ का है," मी म्हटलं.

"अच्छा लिखा है," ते म्हणाले. "शिडी मिळाली तर तुला दुआ देईन."

मंगळवारी सकाळी मी उरलेला गठ्ठा घेऊन मशिदीत पोचले तेव्हा अंगणात सात-आठ माणसं उभी होती. कमिटीचे सेक्रेटरीसाहेब, निवृत्त मास्तर, नेहमी इस्त्रीची शेरवानी. त्यांच्या शेजारी एक ठेकेदार, हातात मोजायची टेप. सेक्रेटरीसाहेबांच्या हातात माझं पत्रक, चार घड्या घातलेलं.

"मियाँ," ते उस्तादांना म्हणाले, "एकवीस दिवसांत होईल?"

"काय होईल?"

"कमान. यात लिहिलंय. एकवीस दिवस, नाहीतर प्रशासनाकडे तक्रार. तुमच्याच लोकांनी लिहिलंय ना हे?"

उस्तादांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली की नाही मला आठवत नाही.

"चुना तयार नाही," ते म्हणाले. "वैशाखात होईल."

"वैशाख," ठेकेदार हसला. "चचा, तोपर्यंत मी तिथे दुकान बांधून देईन. आठ दिवस, साहेब. फट सिमेंटनं भरतो, आतून बाहेरून प्लास्टर मारतो, वर पांढरा रंग. नवरी दिसेल."

"सिमेंट लावाल तर ती मरेल," उस्ताद म्हणाले. आवाज चढला नव्हता. "ओल बाहेर यायला जागा राहणार नाही. विटा आतून सडतील."

"तुमच्याकडे कागद आहे काही?" ठेकेदारानं विचारलं. "डिप्लोमा, सर्टिफिकेट?"

उस्तादांनी दोन्ही हात पुढे केले, पालथे करून. कोपरापर्यंत चुन्यानं भाजलेली कातडी. कोणीतरी फिसकन हसलं.

मी मधे पडले. म्हटलं, आमचं म्हणणं तसं नव्हतं, मुदत मागेपुढे करता येईल, आम्ही लेखी देतो. सेक्रेटरीसाहेबांनी मला बाजूला घेतलं. ते रागावलेले नव्हते. घाबरलेले होते. ते मला तेव्हा कळलं नाही.

"बेटी," ते हळू आवाजात म्हणाले, "तू प्रशासन लिहिलंस. तुला ठाऊक आहे आजकाल काय होतं? एकदा कोणा साहेबाच्या कागदावर 'धोकादायक इमारत' हे दोन शब्द आले की कमान दुरुस्त होत नाही, दाराला कुलूप लागतं. आणि कुलूप लागलं की मग पुढे पाडायला यंत्र येतं. मला तडा नको आहे. दिसायलाच नको आहे. एकवीसच्या आत."

त्यानंतर फार वेळ लागला नाही. ठेकेदाराच्या माणसांनी बल्ल्या काढायला घेतल्या. कुठेतरी राडारोडा टाकायला जागा हवी होती. जवळचा खड्डा चुन्याचा. पहिलं घमेलं पडलं तेव्हा पांढरा चुना वर उडाला आणि उस्तादांच्या पायजम्यावर पडला. त्यांनी तो झटकला नाही. खड्डा भरेपर्यंत ते तिथेच उभे होते.

मग माझ्याजवळ आले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "बिटिया, ये इक्कीस किसने गिने थे?"

मी हातातला उरलेला गठ्ठा पाठीमागे धरला.

आठव्या दिवशी कमान पांढरीशुभ्र झाली. फट गेली, आणि फटीबरोबर पाकळ्याही बुजल्या. दोन कमानींच्या मधली वेलबुट्टी खरवडून सपाट केली होती. दोरी सुटली, सफ जुळली. सेक्रेटरीसाहेबांनी आमच्या गटाचे आभार मानले. "आपके पर्चे ने काम करवा दिया." आमच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं, लढ्याला यश. खाली टाळ्या, मुठी. मीही एक मूठ टाकली.

पाऊस आला आणि गेला. पन्हाळ कोणी साफ केली नव्हती, कारण ती खालून दिसत नाही. श्राद्धपक्षाच्या सुमारास मी पुन्हा गेले. कमानीच्या वर, जिथे सिमेंट संपून जुना गिलावा सुरू होतो, तिथे एक ओला पट्टा उठला होता. हात लावला तर गार. त्याच्याखाली पांढऱ्या रंगातून खार फुटत होता, बारीक, कापसासारखा. मी नख लावलं. रंगाचा पापुद्रा निघाला, मागून विटेचा लाल भुगा वाळूसारखा घरंगळत खाली आला आणि बराच वेळ येत राहिला. मी हात काढून घेतला तरी येत होता.

उस्ताद त्या दिवशी तिथे नव्हते. जुम्म्याला येतात, मशिदीच्या खिदमतगारानं सांगितलं. म्हणून मी जुम्म्याला गेले.

नमाजाच्या वेळी बाई म्हणून मी आत जाऊ शकत नव्हते. दरवाज्याजवळ, चपलांच्या फळीपाशी उभी राहिले. तिथून पाचही कमानी दिसतात. माणसं आली, हौजावर वजू करून, हात-तोंड-पाय धुऊन, ओल्या हातांनी आत गेली, रांगा भरत गेल्या. डावीकडून दुसऱ्या कमानीखाली पहिले आले ते उस्ताद. बरोबर मधोमध उभे राहिले, जिथे पूर्वी बल्ली होती तिथे. शेजारी एकजण उभा राहायला आला, त्याला त्यांनी काहीतरी सांगितलं, तो पुढे सरकला. दुसरा आला, त्यालाही. रुकू झाला, सगळे वाकले. सजदा झाला, सगळ्यांची कपाळं जमिनीला लागली. त्या कमानीखाली एकच पाठ. आणि वर तो ओला पट्टा.

मी आयुष्यात इतकी मिनिटं कधी मोजली नाहीत.

ते बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. "तिथे का उभे राहता?"

"जागा आहे माझी."

"तुम्हाला माहीत आहे ती पडणार आहे."

"मला माहीत आहे म्हणूनच," ते म्हणाले. "मी सांगितलं तर कोणी ऐकत नाही. म्हणतात चचाचं काम गेलं म्हणून चचा जळतोय. उभा राहिलो तर निदान तेवढी जागा अडते. म्हाताऱ्याला कोण धक्का देणार?" मग हसले. "आणि बिटिया, पडली तर कमीत कमी तेव्हा तरी म्हणतील, बुढ्ढा सही कह रहा था."

हा विनोद होता. मला हसू आलं नाही.

त्या रविवारी मी बाबांना सगळं सांगितलं. बाबा संस्थेत पुलांच्या विभागात आहेत. इंग्रजांच्या काळातले विटांच्या कमानींचे रेल्वेपूल, चुन्यातच बांधलेले, अजून त्यांच्यावरून गाड्या जातात. ते तपासायला बाबा आयुष्यभर हिंडले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो हाच, "पन तुले मुदत टाकाले कोनं सांगतलं होतं?" मग उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "चाल."

बाबा आणि उस्ताद यांची भेट मी विसरणार नाही. दोघांनी एकमेकांना नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. बाबांनी मुठीनं भिंतीवर टकटक केलं, कान लावला, एक हात वर सरकून पुन्हा टकटक केलं. उस्तादांनी पलीकडून तेच केलं. खाली ठणठण, वर भद्द. दोघांनी एकदमच एकमेकांकडे बघितलं.

"पोकळ आहे," बाबा म्हणाले.

"आप तो हमारी बिरादरी के निकले," उस्ताद म्हणाले.

प्लास्टरवर एक केसासारखी रेघ पुन्हा उमटली होती, जुन्या फटीच्याच वाटेनं. बाबांनी खिशातून बोटभर लांबीच्या काचेच्या पातळ पट्ट्या काढल्या. रेघेवर आडवी पट्टी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसनं चिकटवली आणि शेजारी पेन्सिलीनं तारीख घातली. पुलांवर असंच करतात.

"काच लबाडी करत नाही," ते मला म्हणाले. "रंग थोडा तानल्या जाते, दिसत नाही. काच तानल्या जात नाही. भिंत हालली का तुटली."

उस्तादांनी काचेकडे निरखून बघितलं. "इसको भी डिप्लोमा नहीं चाहिए," ते म्हणाले, आणि बाबा पोट धरून हसले. घरी बाबा इतकं हसत नाहीत.

तिसऱ्या रविवारी काच तुटलेली होती. मधोमध, सरळ. बाबांनी नवी लावली. ती त्याच्या पुढच्या रविवारी तुटली. त्यानंतरची पाचव्या दिवशीच. तुटलेल्या पट्ट्या बाबांनी काढल्या नाहीत, एकाखाली एक तशाच ठेवल्या. आता तिथे तुटलेल्या काचांची शिडी झाली आहे आणि ती खालून वर चढते आहे.

मी सेक्रेटरीसाहेबांना घेऊन गेले आणि दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. त्यांचा चेहरा मी बघत होते, त्यांना कळलं होतं.

"सिमेंट काढा," मी म्हटलं. "टेकू द्या, उस्तादांना बोलवा."

"कोणाच्या शब्दावर?" ते म्हणाले. "उद्या मी सिमेंट फोडायला लावलं आणि फोडताना काही खाली आलं तर? तेव्हा विचारतील, कोणाला विचारून फोडलं? मी काय सांगू, एका अनपढ मिस्त्रीला विचारून? इंजिनिअरचा कागद आण. त्यात साफ लिहिलेलं पाहिजे की दुरुस्ती होऊ शकते, इमारत पाडायची गरज नाही. दुसरी ओळ नसेल तर तो कागद मला नकोच. सही आण, मी त्याच दिवशी काम सुरू करतो."

मी धावत घरी आले. इंजिनिअर तर माझ्या घरातच होता.

बाबा जेवत होते. मी सांगितलं. त्यांनी पोळीचा तुकडा ताटात परत ठेवला.

"मी नाही करू शकत," ते म्हणाले.

मी जे बोलायचं ते बोलले. भित्रेपणा, सरकारी नोकरी, लहानपणापासून आम्हाला शिकवलेलं सगळं त्यांच्यासमोर आदळलं. आई म्हणाली, गप बस. भाऊ म्हणाला, "पापा का रिटायरमेंट है चार महीने में, समझो ना यार." बाबा म्हणाले, आपलं आडनाव, मशिदीचा कागद, आजचे दिवस, कोण कुठे नेऊन लावेल सांगता येत नाही. हे सगळं मला ऐकू येत होतं आणि काही ऐकायचं नव्हतं.

शेवटी ते म्हणाले, "बाई, मी इंजिनिअर नाही."

आईनं पोळ्यांचा डबा बंद केला.

"मी टेक्निकल असिस्टंट हाओ. आयटीआय झाला माहा. साहेब लोक सही करतात, मी काच लावतो. गावाकडे इंजिनिअर म्हनतात, कॉलनीत म्हनतात, तुमच्या शाळेच्या फॉर्मवर तुमच्या आईनं लेहलं, मी खोडलं नाही. माह्या सहीनं त्या कमानीचा एक टवकाही निघनार नाही."

त्यांना भीती वाटत होती हे खरं. त्यांची सही चालणार नाही हेही खरं. कुठलं आधीचं, ते मी विचारलं नाही. विचारायचा हक्क मला त्या दिवशी नव्हता. भिंत समजणारी दोन माणसं मला माहीत होती, दोघांनी कान लावून एकच उत्तर दिलं होतं, आणि दोघांच्याही शब्दाला या शहरात किंमत नव्हती. म्हणजे जे ओळखू शकतात त्यांना सही नाही. आणि ज्यांना सही आहे ते कुठे आहेत?

मी शोधले. मानक नगरातच तीन साहेबांकडे गेले, तिघेही मराठी, तिघांकडे मी लहानपणी गणपतीत आरतीला जायचे. एकानं चहा पाजला आणि विषय बदलला. एकानं सांगितलं, हे आमच्या कामाच्या कक्षेत येत नाही. तिसरे काचांचे फोटो बघून गंभीर झाले, म्हणाले, "हे बघ, हे ताबडतोब थांबवायला हवं, खाली कोणाला उभं राहू देऊ नकोस." मी वही पुढे केली. म्हटलं, एवढंच लिहून द्या. ते म्हणाले, "छे, छे, लिहून नाही."

आमच्या गटातल्या पोरांनी सुचवलं, नवीन पत्रक काढू. मी नको म्हटलं. त्यांना वाटलं मी थकले. मी थकलेले नाही. पण पत्रक पुन्हा सेक्रेटरीसाहेबांच्या हातात पडेल, ते पुन्हा घाबरतील, आणि घाबरलेला माणूस काय करतो ते मी बघून बसले आहे. कमानीवर रंगाचा आणखी एक हात बसेल. काचा खरवडल्या जातील.

मागच्या रविवारी बाबांनी नवी काच लावली तेव्हा त्यांचा हात वर पुरत नव्हता. उस्तादांनी खाली स्टूल धरलं होतं. वर असतानाच बाबा म्हणाले, "आवाज आला." आम्ही तिघेही स्तब्ध उभे राहिलो. मला काही ऐकू आलं नाही. उस्तादांना आलं होतं, त्यांनी डोळे मिटले होते. बाबा खाली उतरले आणि उस्तादांचा दंड धरून म्हणाले, "भाईसाहब, इस जुम्मे को मत खड़े रहिए." उस्तादांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "मी हटलो तर दुसरा कोणी उभा राहील," ते म्हणाले. "आपने ही तो बताया, काँच झूठ नहीं बोलती. मग मी तरी हटून खोटं कसं बोलू, की जागा सुरक्षित आहे?"

म्हणून हे पत्रक नाही. हे मी मराठीत लिहिलंय, आणि मुद्दाम लिहिलंय. तुमच्यात इंजिनिअर खूप आहेत. इथे लखनौत आहेत, कानपूरला आहेत, पुण्यात, नागपुरात, ठाण्यात गल्लोगल्ली आहेत. तुमच्या भिंतीवर डिग्री फ्रेम करून लावलेली आहे, शिक्का टेबलाच्या खणात आहे. तुम्हाला मोर्चात यायला सांगत नाही. घोषणा द्यायला सांगत नाही. मुस्लिम असा, बौद्ध असा, ब्राह्मण असा, नास्तिक असा, मला घेणं नाही. कमानीला तर अजिबातच नाही.

लखनौला या. भिंतीला कान लावा, वर हात पुरेल तिथपर्यंत टकटक करा, काचा मोजा. उस्तादांशी बोला, ते सांगतील चुन्याला किती दिवस लागतात. मग दोन ओळी लिहा: सिमेंट काढून कमानीला टेकू द्यावा आणि दुरुस्ती चुन्यातच व्हावी, इमारत वाचू शकते, पाडू नये. त्याखाली तुमचं नाव, तुमची डिग्री, तुमचा शिक्का.

जुम्म्याची नमाज दुपारी सव्वाएकला असते. उस्ताद पाऊणला येऊन उभे राहतात. त्याच्या आधी या आणि सही करा.